वस्तऱ्याची लाकडी मूठ : पॉलिश कोणतं आणि का?

गेल्या वर्षी आमच्याकडे भाचीच्या मुलाचा अकीका होता. अम्मीची फार इच्छा होती की बाळाचे केस नानांच्या वस्तऱ्यानं उतरवावेत. नाना रोज फजरनंतर आरशासमोर बसून याच वस्तऱ्यानं गालावरच्या आणि मानेवरच्या दाढीच्या कडा साफ करायचे. पातं जर्मनीतल्या सोलिंगेनचं. जुनी सेल्युलॉइडची मूठ तडकली होती, म्हणून मी स्वतः शिसमाची नवी मूठ बनवली होती. त्यावर चपडी पॉलिश मारून अशी चमक आणली होती की पाहुणे हातात घेऊन बघत बसायचे.

हज्जामभाईंनी वस्तरा उघडला, बंद केला, कानाजवळ नेऊन पुन्हा बंद केला आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "भाई, धार लाकडाला घासतेय. हा बाळाच्या डोक्याला लावायचा नाही." त्यांनी आपल्या पेटीतून नवं ब्लेड काढलं आणि केस उतरवले.

अम्मीला वाईट वाटलं, पण हज्जामभाईंचं बरोबर होतं. उजेडात धरून बघितलं तर धारेला तीन बारीक खाचा पडल्या होत्या. मूठ एका बाजूनं आत आली होती आणि पॉलिशवर पांढरे डाग उठले होते. चूक लाकडाची नव्हती. मी पॉलिश निवडताना फक्त चमक बघितली होती. नंतर एका जुन्या सुतार मिस्त्रींकडे बसून हे काम नीट शिकलो. आपल्या अनेक घरांत असे जुने वस्तरे पडून आहेत आणि हल्ली तरुण मुलंही हौसेनं लाकडी मुठी बनवतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मूठ म्हणजे धारेचं घर

वस्तऱ्याची मूठ एका लाकडाची नसते. दोन पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकी साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या. एका टोकाला पातं पितळी खिळ्यावर फिरतं, दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये एक छोटी पाचर असते. खिळा म्हणजे साधारण दीड मिलिमीटरची पितळी तार, दोन्हीकडे बारीक वायसर घालून ठोकलेली. बंद केल्यावर पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध बसलं पाहिजे, कुठंही न टेकता.

ही जागा फार थोडी असते. पट्टीला जरा बाक आला तरी धार लाकडावर आपटते. वस्तऱ्याची धार इतकी बारीक असते की एकदा आपटली की खाच पडते. ती खाच गालावर ओरखडा काढते. म्हणून पॉलिशचं पहिलं काम मूठ सरळ ठेवणं हे आहे. चमक त्यानंतर येते.

बाहेरून पॉलिश, आतून कोरं

पावसाळ्यात घराचं दार घट्ट बसतं आणि उन्हाळ्यात पुन्हा सैल होतं, हे आपण सगळे बघतो. लाकूड हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि फुगतं, कोरड्या हवेत तो सोडतं आणि आकसतं. लांबीत हा फरक अगदी कमी असतो, रुंदीत जास्त.

आता माझी चूक बघा. मी पट्ट्या आधी खिळ्यांनी जोडल्या आणि मग पॉलिश केलं. साहजिकच पॉलिश फक्त बाहेरून बसलं, आतली बाजू कोरी राहिली. वस्तरा धुतल्यावर पात्यावर राहिलेलं पाणी नेमकं त्याच कोऱ्या बाजूला जातं. आतली बाजू पाणी पिऊन फुगते, बाहेरची तशीच राहते. मग पट्टी फुगलेल्या बाजूला पोट काढते, म्हणजे थेट पात्याकडे.

मिस्त्रींनी मला एकच वाक्य सांगितलं : "जेवढे हात बाहेर, तेवढेच हात आत." म्हणजे पॉलिशचे पाच थर बाहेर दिले तर आतही पाच द्यायचे. कडांना आणि खिळ्यांच्या भोकांच्या आतही पॉलिश पोचलं पाहिजे, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी कापलेल्या तोंडातून पितं. हे सगळं जोडण्याआधीच होऊ शकतं. एकदा खिळे ठोकले की आत ब्रश जात नाही.

मुठीला काय काय सोसावं लागतं

खुर्चीला किंवा कपाटाला जे पॉलिश चालतं, ते वस्तऱ्याला चालेलच असं नाही. वस्तरा न्हाणीघरात राहतो. त्याला गरम पाणी लागतं. साबणाचा फेस लागतो आणि साबण अल्कधर्मी असतो. तुरटी लावलेला ओला हात लागतो. दाढीनंतरचं लोशन लागतं, त्यात बहुतेक वेळा अल्कोहोल असतं. पातं निर्जंतुक करायला आपण स्पिरिट वापरतो, त्याचे दोन थेंब मुठीवर पडतातच. म्हणजे पाणी, साबण आणि स्पिरिट या तीन परीक्षा. दुकानातलं प्रत्येक पॉलिश या तिन्हींवर घासून बघायचं.

चपडी

चपडी म्हणजे लाखेचं पॉलिश. लाख किडा झाडाच्या फांदीवर जी राळ तयार करतो, ती साफ करून स्पिरिटमध्ये विरघळवतात. भारत लाखेच्या मोठ्या उत्पादक देशांपैकी एक आहे आणि आपल्या सुतारांच्या हातात पिढ्यान् पिढ्या हेच पॉलिश आहे. लवकर सुकतं, रंग सुंदर येतो, खराब झालं तर त्यावरच पुन्हा हात मारता येतो.

पण वस्तऱ्याच्या तिन्ही परीक्षांत चपडी नापास होते. पाणी साचलं की पांढरे डाग येतात. साबणासारख्या अल्कधर्मी वस्तूनं ती मऊ पडते. स्पिरिटमध्ये तर ती विरघळतेच, कारण ती बनलीच स्पिरिटमध्ये आहे. शिवाय भर पावसाळ्यात दमट हवेत चपडी मारली तर सुकतानाच दुधाळ होते. शोकेसमध्ये ठेवायच्या वस्तऱ्याला चपडी ठीक आहे. रोज वापरायच्या वस्तऱ्याला वरचा थर म्हणून ती नको. मात्र मेण काढलेली चपडी पहिला अस्तराचा हात म्हणून उपयोगी पडते, ते पुढे सांगतो.

जवसाचं तेल

जवसाचं, म्हणजे अळशीचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. लाकडात मुरतं, हाताला लाकूडच लागतं, प्लास्टिकसारखं वाटत नाही. कच्चं तेल सुकायला कित्येक दिवस, कधी आठवडे घेतं. म्हणून रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड तेल घ्यावं, त्यात लवकर सुकण्यासाठी द्रव्यं मिसळलेली असतात. अगदी पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पूर्ण पुसून घ्यायचं, सुकू द्यायचं आणि मग पुढचा हात. असे चार-पाच.

याचा कमकुवतपणा असा की ते पाणी पूर्ण अडवत नाही, फक्त आत जाण्याचा वेग थोडा कमी करतं. दमट हवेत सुकायला वेळ लागतो आणि कच्च्या तेलावर बुरशीही धरते. आठवड्यातून एकदा वापरायच्या, नीट पुसून ठेवायच्या वस्तऱ्याला तेल चांगलं. वर्षातून एक-दोनदा नवा हात देत राहावं लागतं.

काही जण घरातलं खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोळतात. ही तेलं कधीच सुकत नाहीत. चिकट राहतात, धूळ धरतात आणि काही महिन्यांत खवट वास मारतो. स्वयंपाकघरातलं तेल मुठीला नको.

मेण

मधमाश्यांचं मेण हाताला छान लागतं आणि मंद चमक देतं. पण एकट्या मेणाचं संरक्षण नावापुरतंच. ते साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ होतं. गरम पाण्याखाली धरलं की गेलंच समजा. तेलाच्या किंवा दुसऱ्या पॉलिशच्या वर शेवटचा हात म्हणून मेण लावावं, पाया म्हणून नाही.

पॉलियुरेथेन

रोजच्या वापरासाठी माझी पसंती याला आहे. एका डब्यात मिळणारं, तेलावर आधारित पॉलियुरेथेन घ्यायचं, त्यात टर्पेंटाइन मिसळून पातळ करायचं आणि कापडानं पुसल्यासारखे थर द्यायचे. ब्रशनं जाड थर दिला की ओघळ येतात आणि नाजूक पट्टी जाड दिसते. पातळ केलेले सहा-सात हात, दोन हातांमध्ये एक दिवसाचं अंतर. पावसाळ्यात दोन दिवस धरा. पाणी आणि साबण याला फारसं काही करत नाहीत, स्पिरिटचे थेंब लगेच पुसले तर तेही चालतं.

दोष एक : ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त केलेला उठून दिसतो, पूर्ण पट्टी पुन्हा घासावी लागते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन डब्यांचं, हार्डनर मिसळायचं पीयू वेगळं असतं. त्यात आयसोसायनेट असतात, ते फुफ्फुसांना घातक आहेत. फर्निचरवाले ते स्प्रे करतात म्हणून आपण घरात मुलाबाळांमध्ये करायचं नाही.

सुपर ग्लू

ऐकायला विचित्र वाटेल, पण पातळ सुपर ग्लू, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, हे मूठ बनवणाऱ्यांचं जगभर आवडतं पॉलिश आहे. थेंब टाकून पटकन पसरवायचा, सुकला की पुढचा. असे दहा-पंधरा थर देऊन वॉटरपेपरनं घासलं की काचेसारखी चमक येते. पाणी आणि साबण याला सहज शिवत नाहीत.

मात्र काम वेगानं आणि सफाईनं करावं लागतं. वाफ डोळ्यांत आणि नाकात झोंबते, त्यामुळे उघड्या हवेतच बसायचं. सुती कापड अजिबात वापरायचं नाही. कापसावर हा ग्लू पडला की क्षणात इतका तापतो की बोट भाजतं. पसरवायला प्लास्टिकचा तुकडा घ्यावा. थर कडक असतो, म्हणून वस्तरा फरशीवर पडला तर कोपऱ्याचा टवका उडू शकतो.

लाकूड बघून पॉलिश

शिसम आणि सागवान यांच्यात स्वतःचा तेलकटपणा असतो. शिसमातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे तेल आणि पॉलियुरेथेन नीट सुकतच नाही, आठवड्यानंतरही बोट चिकटतं. उपाय सोपा आहे. पॉलिश करण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोननं पुसून घ्या आणि मेण काढलेल्या चपडीचा एक पातळ हात अस्तर म्हणून द्या. तो पूर्ण सुकल्यावर वर पॉलियुरेथेन. मघाशी म्हटलेला चपडीचा उपयोग हाच.

आपल्याकडचं शिवण लाकूड कमी हलतं, त्यामुळे पातळ पट्टीला चांगलं. फणसाचा पिवळा रंग तेलात खुलतो. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण पाणी लवकर पितं, त्याला वरून पक्का थर हवाच. लाकूड कोणतंही असो, तंतू पट्टीच्या लांबीत सरळ जाणारे निवडा. तिरके तंतू असलेली पट्टी कितीही पॉलिश केली तरी पीळ खाते. शिसमाची भुकटी काहींना त्रास देते, घासताना तोंडाला मास्क लावा.

हवेचाही विचार करा. रत्नागिरी-रायगडच्या पावसाळ्यात बनवलेली मूठ आखातातल्या भावाला पाठवली, तर तिथल्या एसीच्या कोरड्या खोलीत ती आकसणार. खिळे सैल होतील किंवा भोकाजवळ तडा जाईल. म्हणून लाकूड आधी दोन-तीन आठवडे घरात कोरड्या जागी ठेवा, मग कापा. दुसऱ्या हवेत जाणारी मूठ असेल तर तेलापेक्षा पॉलियुरेथेन किंवा सुपर ग्लू बरा. वस्तरा विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, तो चेक-इन सामानात नीट गुंडाळून टाकायचा.

कामाचा क्रम

१. पट्ट्या कापून आकार द्या, भोकं पाडा. दोन्ही पट्ट्यांची भोकं एकत्र धरून पाडली की जुळतात.

२. पॉलिशपेपर १२०, मग २२०, ३२०, ४०० असा क्रमानं तंतूंच्या दिशेनं फिरवा. आतली बाजूही तेवढीच घासा.

३. ओल्या फडक्यानं पुसा. बारीक केस उभे राहतील. सुकल्यावर ४०० नंबरनं हलकेच घासा, म्हणजे पहिल्या दाढीला मूठ खरखरीत होणार नाही.

४. भोकातून तार घालून पट्ट्या टांगा. आत, बाहेर, कडा, सगळीकडे एकाच बैठकीत हात द्या. भोकात टूथपिकनं पॉलिश फिरवा. पाचरही विसरू नका.

५. दोन हातांमध्ये ६०० नंबरनं अगदी हलकं घासून भुकटी पुसा.

६. शेवटच्या हातानंतर घाई नको. पॉलियुरेथेनला किमान आठवडा, तेलाला तीन-चार आठवडे द्या. नाकाजवळ धरल्यावर वास येत असेल तर अजून सुकलेलं नाही.

७. मग खिळे ठोका. लहान हातोडीनं, टकटक करत. जोरात मारलं तर पट्टी चिरते.

आधी तुकड्यावर बघा

या सगळ्यात माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. पट्टी कापताना उरलेले तीन-चार तुकडे घ्या. प्रत्येकाला वेगळं पॉलिश करा आणि पूर्ण सुकू द्या. मग प्रत्येकावर एक थेंब पाणी, थोडा साबणाचा फेस, एक थेंब स्पिरिट आणि तुमचं रोजचं लोशन ठेवा. तासाभरानं पुसा. कुठे डाग पडला, कुठे चिकट झालं, कुठे काहीच झालं नाही, ते डोळ्यांनी दिसेल. मी हे आधी केलं असतं तर नानांच्या पात्याला खाचा पडल्या नसत्या.

तेलाची फडकी : हे वाचल्याशिवाय काम करू नका

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती स्वतःहून पेट घेऊ शकतात. तेल सुकताना उष्णता तयार होते. चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडून वाढत जाते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. म्हणून फडकी बाहेर मोकळ्या हवेत सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा. पॉलियुरेथेनच्या फडक्यांनाही हाच नियम. लहान घरात, जिथे एकाच खोलीत काम आणि झोपणं असतं, तिथे तर हे पाळायलाच हवं.

एक वस्तरा, एक माणूस

शेवटचा मुद्दा हज्जामभाईंचा. ते म्हणाले, "मूठ सरळ असती तरी मी बाळाला नवंच ब्लेड लावलं असतं." लाकडी मूठ उकळता येत नाही, वाफेच्या यंत्रात घालता येत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो आणि न दिसणाऱ्या रक्ताच्या कणातूनही पसरतो. त्यामुळे असा वस्तरा एकाच माणसाचा असावा. अकीका असो, उमराहनंतरचं मुंडण असो की गल्लीतलं सलून, तिथे प्रत्येक डोक्याला नवं ब्लेड हवं. आठवण जपायची तर वस्तरा जपा, तो सगळ्यांवर फिरवण्याची गरज नाही.

वापर झाल्यावर पातं पुसा, मूठ पुसा आणि तासभर उघडं ठेवून मगच बंद करा. बरेच दिवस वापरणार नसाल तर पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा.

नानांचा वस्तरा मी पुन्हा उघडला. खिळ्यांची डोकी कानशीनं घासून पट्ट्या सुट्या केल्या. जुनी चपडी स्पिरिटनं पुसली. एक पट्टी इतकी मुरडली होती की ती नवीच करावी लागली. या वेळी अस्तराचा एक हात आणि पॉलियुरेथेनचे सहा हात, आत आणि बाहेर सारखे. पात्याच्या खाचा हज्जामभाईंनीच दगडावर काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. एक पावसाळा गेला, पातं अजून मधोमध बसतंय. आता मी त्यानं माझ्या दाढीच्या कडा साफ करतो. अम्मी कधीतरी हातात घेते, उघडते, बंद करते आणि कान देऊन ऐकते. आवाज येत नाही.